आरतीला काहीही सापडलं नाही

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ‘नमस्कार, आरती’ आणि खाली मधोमध ‘काहीही सापडलं नाही’. झालं. त्या शनिवारी दुपारी एवढंच घडलं, आणि माझ्या डोक्यात जी ठसठस सुरू झाली ती काही केल्या थांबेना. खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. मी काही आरती नाही. माझं नाव सत्यशीला, नगरच्या एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कचेरीत मी प्रोग्रॅमर आहे. एसटीच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, पण कंडक्टर अजून नगर, नगर म्हणूनच ओरडतो आणि मीही तेच म्हणते. गेलं वर्षभर मी संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या कागदांत शोध घेणारा एक प्रोग्रॅम लिहीत होते. शब्द टाका, कागद समोर. मात्र ज्याला जेवढी परवानगी तेवढंच त्याला दिसणार. शिपायाला शिपायापुरतं, प्राचार्यांना प्राचार्यांपुरतं. यातली मेख अशी की सर्व्हरला स्वतःला सगळंच दिसतं. त्याला तसंच शोधायला सोडलं तर तो सगळ्यांचं सगळं सगळ्यांपुढे आणून ओतेल. म्हणून कुणी शब्द टाकला की माझा प्रोग्रॅम आधी त्या माणसाचं सोंग घेतो, त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच उचलतो, आणि मग सोंग उतरवतो. हे धड चालतंय की नाही ते तपासायचं तर मलाही सोंगं घ्यावी लागतात. सकाळपासून मी श्रीरामपूरची ग्रंथपाल झाले होते, एका वसतिगृहाचा रेक्टर झाले होते, आणि डबा खाऊन हात धुतल्यावर तिसगावच्या आमच्या शाखेतली विज्ञानाची शिक्षिका झाले होते. शब्द माझ्या हाताखालच्या धनश्रीनं ठरवून दिलेले: रजा, बदली, वेतनवाढ, तक्रार. रजेला आरतीचे तीन अर्ज आले. तक्रारीला काही नाही.

‘काहीही सापडलं नाही’ हे वाक्य माझं नव्हे, हे आधी सांगते. मी लिहिलं होतं, ‘तुम्हाला दाखवता येईल असं काही सापडलं नाही’. लांबलचक आहे, मान्य. पण खरं आहे. प्रशासन अधिकारी रंगनाथराव म्हणाले, छे छे, असं लिहिलं तर लोक विचारत बसतील की न दाखवण्यासारखं काय आहे, नसत्या चौकशा. मी म्हटलं, पण साहेब, असताना नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं झालं. तर म्हणे, बाई, कॉम्प्युटर कुठं खोटं बोलतो? हात टेकले मी. दोन आठवडे त्या एका ओळीवर भांडले आणि हरले. शेवटी माझ्याच हातानं ती ओळ खोडून मी हे धादांत खोटं वाक्य टाकलं आणि घरी जाऊन अमृतवर, म्हणजे नवऱ्यावर, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून खेकसले. भाजी मीच केली होती.

पुढचं नाव काकासाहेबांचं होतं. तिसगाव शाखेचे प्राचार्य. मी आरतीला उतरवलं, काकासाहेबांना चढवलं. वरच्या कोपऱ्यात ‘नमस्कार, काकासाहेब’ आलं. तोच शब्द टाकला, तक्रार. आणि एक कागद आला. पहिल्याच ओळीत आरतीचं नाव, ‘तक्रार’ या शब्दावर पिवळा पट्टा. हा पट्टा माझीच हौस, लोकांना शब्द चटकन दिसावा म्हणून. महिला तक्रार समितीकडे आरतीनं केलेली तक्रार, आणि ती कुणाविरुद्ध, तर ज्यांचं सोंग घेऊन मी बसले होते त्यांच्याविरुद्ध. कपाळ माझं! कागद कुणी जाणूनबुजून त्यांना दाखवला असता तर मी त्या माणसाला निदान शिव्या तरी घातल्या असत्या. पण तसंही नव्हतं. आमच्याकडे सगळं शाखेवार लावायची रीत आहे, पहिल्यापासून. पंखा दुरुस्तीचं बिल असो की प्राचार्याविरुद्धची तक्रार, कागद तिसगावचा ना, मग तिसगावच्या कप्प्यात. आणि तिसगावच्या कप्प्याचा मालक तिसगावचा प्राचार्य. समितीच्या कारकुनानं नेहमीच्या सवयीनं तो कागद तिथं टाकला आणि चहाला गेला असणार. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, त्याही नियमानं. सोमवारपासून सर्च सगळ्या शाखांना चालू होणार होतं.

मी तो कागद उघडला. उघडायला नको होता, चाचणीला नुसतं किती कागद आले एवढंच मोजायचं असतं, पण उघडला. बाहेर केके रेंजवर लष्कराचा सराव चालू असावा, खिडकीच्या काचा मधूनमधून थरथरत होत्या आणि एसीचा गार झोत नेमका माझ्या मानेवर येत होता. आरतीनं काय लिहिलं होतं ते सगळं सांगत नाही. प्रॅक्टिकलच्या मार्कांच्या निमित्तानं केबिनमध्ये बोलावतात. दार लोटून घेतात. मनगट धरून बोलतात, सोडत नाहीत. मनगट हा शब्द वाचला आणि मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मागच्या थंडीत प्रशिक्षण द्यायला मी तिसगावला गेले होते. संध्याकाळी शाळेमागच्या शेतात काकासाहेबांनी सगळ्यांना हुरडा खाऊ घातला. फार अघळपघळ माणूस, ‘अहो कॉम्प्युटरवाल्या ताई, नगरला असला हुरडा मिळायचा न्हाई’ म्हणत स्वतः कणसं चोळून प्रत्येकाच्या हातावर दाणे ओतत होते. माझ्या हातावर ओतताना त्यांनी खालून माझं मनगट धरलं. दाणे ओतून झाले तरी सोडलं नव्हतं. किती वेळ? मला तेव्हाही कळलं नव्हतं, कारण मी लगेच स्वतःची समजूत घातली होती की दाणे गरम आहेत, सांडू नयेत म्हणून धरलं असेल. गरम दाणे तळहातावर आणि खाली तो ओलसर हात. घरी येईपर्यंत मी विसरले होते; निदान मला तसं वाटत होतं. आणि आता मी त्यांच्याच नावानं, त्यांच्याच डोळ्यांनी, दुसऱ्या बाईच्या मनगटाबद्दल वाचत होते. डब्यातल्या तिळाच्या चटणीचा वास अजून बोटांना होता.

खाली समितीचा अहवालही जोडलेला होता, छोटासाच. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. वर जावक क्रमांक, तारीख. काकासाहेब म्हणून मी हे वाचू शकत होते. आरती म्हणून मला काहीही सापडत नव्हतं. इतक्यात धनश्री पर्स खांद्याला लावून आली, शनिवार म्हणून अर्ध्या दिवसानं निघाली होती. तिनं माझ्या खांद्यावरून डोकावलं. ‘आरती शून्य, काकासाहेब एक. बरोबर आहे की, मॅडम. परवानग्यांप्रमाणेच आलंय ना? मग हिरवी खूण करून टाका.’ मी म्हटलं, ‘अगं, पण बघ तरी काय आलंय ते.’ तिनं वाचलं, तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, ‘पण टेस्ट तर पासच आहे ना.’ तिला काय बोलणार? बरोबरच होतं तिचं. माझा प्रोग्रॅम चुकला असता तर मी तो सुधारला असता, चुटकीसरशी. तो चुकलाच नव्हता हेच तर दुखणं. कधी नव्हे ते एवढं काटेकोर काम केलं, आणि ते असं.

मी तडक रंगनाथरावांच्या खोलीत गेले. ते निघायच्या बेतात होते, डबा पिशवीत घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘पण हे तुम्ही पाहिलंत कसं?’ मी म्हटलं, ‘काकासाहेब होऊन.’ ‘म्हणजे त्यांचा पासवर्ड आहे तुमच्याकडे?’ ‘पासवर्ड लागत नाही, साहेब. नुसतं नाव सांगायचं, की प्रोग्रॅम त्यांच्या वतीनं शोधतो. मागं मीटिंगमध्ये दोनदा समजावलं होतं मी.’ रंगनाथरावांनी डबा परत टेबलावर ठेवला. ‘म्हणजे तुम्ही मीसुद्धा होऊ शकता?’ ‘होऊ शकते.’ ‘झाला होतात?’ ‘गुरुवारी झाले होते.’ अरे देवा, त्या माणसाचा चेहरा! आरती, समिती, काकासाहेब सगळं एका क्षणात हवेत विरलं. ‘माझ्या नावानं काय शोधलंत?’ असं त्यांनी तीन वेळा विचारलं. रजा, बदली, वेतनवाढ, तक्रार, मी म्हटलं, सगळ्यांना तेच शब्द. मग जरा धीर आल्यावर त्यांनी मला नियम सांगितला. शाखेच्या कप्प्याची परवानगी बदलायची तर शाखाप्रमुखाचा लेखी प्रस्ताव लागतो. ‘शाखाप्रमुख म्हणजे काकासाहेबच ना?’ मी म्हटलं. ‘हो, रीतसर त्यांच्याकडूनच यायला हवा.’ ‘म्हणजे काकासाहेबांनी लिहून द्यायचं की माझ्याविरुद्धची तक्रार मला दिसू नये?’ ‘तुम्ही शब्दांत पकडू नका हो,’ ते म्हणाले. ‘तुमचं काम सर्च. परवानग्या आम्ही बघतो. आणि हे बघा, ते प्रकरण मिटलेलं आहे, तुम्ही उगाच उकरू नका. दुसऱ्याच्या नावानं गोपनीय कागद वाचले हे बाहेर गेलं तर संस्थेला तुमच्यावर कारवाई करावी लागेल. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.’ आणि त्यांनी डबा पुन्हा पिशवीत घातला. मला त्यांची ती पिशवी खिडकीतून खाली भिरकावून द्यावीशी वाटली. कुंपणच शेत खातंय आणि हे म्हणतात कुंपणाचा अर्ज आणा.

परत खुर्चीत येऊन बसले. स्क्रीनवर अजून ‘नमस्कार, काकासाहेब’. कचेरी रिकामी होत गेली, कुणीतरी पंखे बंद करत होतं. मी म्हटलं, जाऊ दे, एक ओळ लिहू. काकासाहेबांनी तक्रार शोधली तर त्यांनाही काहीही सापडू नये. खोटंच बोलायचं तर सगळ्यांशी सारखं बोलू. ओळ लिहिलीही. मग लक्षात आलं की सर्च न करता ते सरळ आपला कप्पा उघडून बसले तर माझी ओळ काय करणार, डोंबल? खोडली. आणि का कोण जाणे, मला आप्पांची आठवण आली, माझ्या वडिलांची. नारायण पाठक, श्रीरामपूरला एका कचेरीत हेडक्लार्क. साहेब दौऱ्यावर असले की त्यांच्या जागी सही आप्पांची, आणि हुद्द्याच्या वर बारीक अक्षरात ‘करिता’. साहेबांकरिता. त्या शब्दाची त्यांना इतकी सवय की माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी ते ‘करिता प्रेमला पाठक’ लिहून सही करायचे. अभ्यास आई घेते, मग पालक ती, मी तिच्या वतीनं. वर्गशिक्षिकेनं बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी शरमेनं लाल, आणि आई हे ऐकून पदर तोंडात धरून हसत होती. सही दुसऱ्याच्या जागेवर कर, आप्पा म्हणायचे, पण हात कुणाचा होता ते कागदावर दिसलं पाहिजे. सर्च लिहायला घेतलं तेव्हा मी नोंदवहीत दोन रकाने ठेवले होते: कुणाच्या नावानं शोधलं आणि प्रत्यक्षात कुणी शोधलं. रंगनाथराव म्हणाले, दोन दोन नावं कशाला, गोंधळ होतो, एकच ठेवा. पहिला रकाना राहिला, दुसरा गेला. म्हणजे आज दुपारी आरतीची तक्रार कुणी वाचली, तर नोंदीप्रमाणे काकासाहेबांनी. मी कुठंच नव्हते. हे कळल्यावर मला जो सुटल्यासारखा श्वास आला ना, त्याची मला इतकी चीड आली की मी टेबलावर हात आपटला. पाण्याची बाटली आडवी झाली.

मग मी आरतीला फोन लावला. तिचा नंबर तिच्या रजेच्या अर्जावर होता, तीनही अर्जांवर. आमची ओळख म्हणजे त्या प्रशिक्षणात ती शेवटच्या बाकावर बसली होती एवढीच. हुरड्याला ती थांबली नव्हती, ते मला आत्ता आठवलं. मी नाव सांगितलं आणि तोंडाला येईल तसं बोलत सुटले, की सोमवारपासून सर्च चालू होतंय, तुमचा कागद मी आत्ताच पाहिला, तो चुकीच्या कप्प्यात आहे, काकासाहेबांना तो दिसेल, सगळं दिसेल, तुम्ही सावध राहा. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, ‘मॅडम, त्यांना माहितीये. तक्रार दिली त्याच आठवड्यात कळलं त्यांना. स्टाफरूमला माहितीये, कँटीनवाल्याला माहितीये. माझे तास बदलले, प्रयोगशाळेची चावी काढून घेतली. तिसगाव केवढंसं हाय? तुमच्या मशीननं सांगायचं काय ऱ्हायलंय?’ इतका वेळ मी जे अडवायला धडपडत होते ते कधीच होऊन गेलं होतं. मग ती म्हणाली, ‘तुम्ही तो कागद पाहिला म्हणताय. खरंच पाहिला?’ हो म्हटलं. ‘त्यात पुढं काय झालं ते हाय का? मी विचारायला गेले की म्हणतात, चौकशी चालूय. गेल्या महिन्यात तर म्हणाले, निकाल असा काही कागदच न्हाई. नगरच्या वकीलबाई म्हणतात, जावक नंबर आणि तारीख आणा, मग आपण तो मागू शकतो, न्हाईतर कशाच्या जोरावर मागायचा? तेवढंच न्हाई माझ्याकडं. सगळ्यांना सगळं माहिती, आणि मलाच काही सांगत न्हाईत.’

आता सांगते, तेव्हा माझ्या मनात काय आलं. माझ्या स्वतःच्या नावानं तो कागद मला दिसत नाही. माझ्या नावालाही तिसगावचा कप्पा बंद. तो फक्त काकासाहेब होऊनच दिसतो. मोबाईलनं फोटो काढून पाठवला तर सरळसरळ चोरी. पण नुसतं वाचून दाखवलं तर? रंगनाथरावांना फार तर संशय येईल; नोंद काकासाहेबांची, फोनवर आवाज बाईचा, साक्षीला कुणी नाही. मी सुरक्षित होते. नोकरीत अशी सुरक्षित मी आजवर कधी नव्हते. आणि रंगनाथरावांचा आवाज कानात होताच, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. घराचे हप्ते चालू, अमृतचं काम सुटून सहा महिने झालेले. भीती वाटत होती मला, कशाला नाही म्हणू? ‘थांबा,’ मी तिला म्हटलं, आणि वाचायला लागले. जावक क्रमांक वाचला. तारीख वाचली, एकोणतीस जुलै. तक्रारदार व साक्षीदार यांचे जबाब विचारात घेता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.

‘कोणती तारीख म्हणालात?’ तिनं विचारलं. ‘एकोणतीस जुलै.’ ‘नीट बघा, मॅडम.’ मी अक्षर मोठं करून बघितलं. एकोणतीस जुलैच होती. ‘अवो, माझा जबाबच पंधरा ऑगस्टला घेतला,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वर चढला. ‘झेंडावंदन झालं आन् मग घेतला. पोरं व्हरांड्यात लाडू खात हुती, आन् मी त्या तिघांपुढं बसून सगळं सांगितलं, लाज सोडून सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आदीच निकाल लावून बसले हुते व्हय? मंग मला कशाला बोलाव्लं? माझ्याकडनं ते सगळं वदवून कशाला घेतलं?’ मेल्यांनो, एवढंच मी म्हणाले, फोनमध्ये, मोठ्यानं. आणि मग तीही काही तरी म्हणाली ते मी इथं लिहीत नाही.

थोड्या वेळानं तिनं कुकर बंद केला असावा, कारण सगळं एकदम शांत झालं. ‘परत वाचा,’ ती म्हणाली, आता तिचा बाईंचा, वर्गातला आवाज होता. ‘सावकाश. पोरांना सांगतात तसं. मी लिहून घेते.’ मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एकेक शब्द सुटा करून. नंबर दोनदा सांगितला. तारीख आकड्यात सांगितली, मग अक्षरात सांगितली. ती प्रत्येक ओळ लिहून मला परत म्हणून दाखवत होती. माझ्यासमोर वरच्या कोपऱ्यात सगळा वेळ काकासाहेबांना नमस्कार चाललेला होता. संपल्यावर ती म्हणाली, ‘वकीलबाई विचारतील, हे तुम्हाला कुणी सांगितलं. मी म्हणेन, कळलं कुठून तरी. तुमचं नाव न्हाई घेत मी, घाबरू नका.’

मी पडलेली बाटली उभी केली. टेबलावर सांडलेलं पाणी कीबोर्डपर्यंत आलं होतं, ते ओढणीनं पुसलं.

‘नाव लिही,’ मी म्हणाले. मला ती एकाएकी ‘अहो’ वाटेना. ‘सत्यशीला नारायण पाठक.’

‘कशाला, मॅडम? तुमची नोकरी हाय.’

‘लिही म्हणते ना. खाली लिही, वाचून दाखवणार म्हणून. पूर्ण नाव.’

ती लिहीत होती. मी तिचं लिहून होईपर्यंत थांबले.

‘पाठक,’ ती म्हणाली. ‘लिहिलं. हुद्दा काय टाकू?’

मी हुद्दा सांगितला.